केव्हापासून दुखतंय

१४ मार्च २०२३, मंगळवार

सकाळची पाळी, सहा ते अडीच. गोदामात थंडी. सव्वाअकराच्या सुमारास उतारावर रोलकंटेनरचं, म्हणजे माल ढकलत न्यायच्या जाळीच्या पिंजऱ्याचं, चाक लोखंडी पट्टीत अडकलं. आत पेयांचे क्रेट, माझ्या डोक्याच्या वरपर्यंत. सगळा पिंजरा माझ्यावर कलंडायला लागला म्हणून उजव्या हाताने वरून धरून ठेवला. खांद्यात तटकन काहीतरी झालं. रामदीन धावत आला, दुसऱ्या बाजूने सावरला. क्रेट एकही पडला नाही. शिफ्ट लीडरला सांगितलं नाही. त्याने आत्ताच चार आठवडे सुट्टी दिली, एक शब्द न विचारता. आल्या आल्या परत काय सांगायचं.

सुटल्यावर बसने क्रेमॅटोरियम. इथल्या डच कायद्याने दहनानंतर महिना झाल्याशिवाय अस्थी देत नाहीत. काउंटरवरच्या बाईंनी कॉफी विचारली. नको म्हटलं. पावतीवर सही हवी होती. काउंटर उंच, उजवा हात तिथवर जाईना. डाव्याने केली. माझी सही वाटत नाही.

अनघाचा कलश डाव्या हाताने उचलला. घरापर्यंत तसाच.

दार इराने उघडलं. कलशाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. न बोलता वर आपल्या खोलीत गेली. पंधरा वर्षांची आहे. काय बोलणार.

बसमध्ये एकदम वाटलं, सुटलो. ती नव्हे, मी. चौदा महिन्यांचं आजारपण संपलं. वाटलं ते लिहून ठेवतो. पुन्हा म्हणणार नाही.

१५ मार्च

हात खांद्याच्या वर जात नाही. भांग डाव्या हाताने. पोह्यांचा डबा वरच्या कप्प्यात. वरचा कप्पा अ.चा. ती माझ्यापेक्षा दोन बोटं उंच. लग्नात माझा मामा म्हणाला होता, "नवऱ्या मुलाला हार घालायला पाट द्या रे." स्टुलावर चढून डाव्या हाताने डबा काढला. इराने पोहे खाल्ले नाहीत.

कामावर रामदीनने विचारलं, "मास्टर, हाथ कैसा है?" ठीक म्हटलं. चष्म्यामुळे मला मास्टर म्हणतो. मी मिरजेला कॉलेजात नुसता लॅब असिस्टंट होतो हे सांगून झालं. त्याचं आपलं तेच. तो सुरिनामचा, पण आजा-पणजा बिहारकडचे. माझ्याशी हिंदीत बोलायला त्याला आवडतं.

६ एप्रिल, गुरुवार

शेवटी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. अ.चं आजारपण सुरुवातीपासून याच डॉक्टरबाईंनी पाहिलं. दहा मिनिटांची वेळ मिळते. त्यांनी विचारलं, केव्हापासून दुखतंय. मी म्हटलं, बायको गेल्यापासून.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग झोप लागते का, जेवता का, रडू येतं का, मुलगी कशी आहे, कोणाशी बोलता का. यात आठ मिनिटं गेली. उरलेल्या दोनात खांदा. पॅरासिटामोल घ्या, सहा आठवड्यांनी या.

रोलकंटेनरचं सांगायचं राहिलं. त्या इतक्या मनापासून बोलत होत्या, मध्ये तोडणं बरं वाटेना.

१२ जून, सोमवार

स्कॅनचा निकाल. खांद्यातला एक स्नायूबंध फाटलाय, पूर्ण. मधे तीन महिने गेल्यामुळे मागे सरकलाय. शिवून धरेल याची खात्री नाही, व्यायाम करा म्हणाले. आज आजारी म्हणून कामावर कळवलं. इथल्या कायद्याने दोन वर्षं मालक पगार देतो, पुढचं सरकार ठरवतं. दोन वर्षं पुष्कळ झाली. तोवर हात बरा होईल.

शिफ्ट लीडर म्हणाला, कामावर झालं असेल तर त्याच दिवशी नोंदवहीत लिहायला हवं होतं. रागावला नाही. नुसतं सांगितलं.

१८ ऑगस्ट, शुक्रवार. सांगली

अधिक महिना संपेपर्यंत थांबा म्हणाले होते, म्हणून आज. हरिपूरचा संगम, पाणी गढूळ. भटजी म्हणाले, उजव्या हाताने सोडा. हात पुढे होईना. अ.चा भाऊ श्रीकांत कंबरभर पाण्यात उभा होता. "दाजी, मी धरतो," म्हणाला, आणि माझं कोपर खालून उचलून धरलं. अर्धं त्याने सोडलं, अर्धं मी.

इरा काठावर. फोटो काढू नको म्हटलं होतं. तिने काढलाही नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार. आइंडहोवन

युनियनने वकील दिली. मरैका. माझ्याहून लहान असेल. सावकाश डच बोलते, मला कळावं म्हणून. अडलं की इंग्लिश. तिने सांगितलं ते असं: जखम कामावरच झाली एवढं मला दाखवावं लागेल. ते दाखवलं की पुढचं ओझं मालकाचं, त्याने काळजी घेतली होती हे त्याने सिद्ध करायचं. पण पहिली पायरी माझी.

कोणी पाहिलं? रामदीनने. नोंद आहे? नाही. त्या दिवशी कोणाला सांगितलंत? नाही. घरी? घरी सांगायला कोण होतं. हे डचमध्ये कसं म्हणायचं कळेना, नुसतंच नाही म्हटलं.

२१ ऑक्टोबर, शनिवार

रामदीनकडे गेलो. बायकोने 'बारा' नावाचा त्यांच्याकडचा पदार्थ आणि आंब्याची चटणी दिली. आपल्या वड्यासारखंच. तो मार्चमध्ये निवृत्त होतोय. "मार्च तक रुक जा मास्टर. फिर जो देखा सो लिख दूँगा." मग म्हणाला, त्या दिवशी तू ओरडला असतास तर सगळं गोदाम साक्षीला आलं असतं. तोंडात दही जमवून बसलास. बायको हसली. मीही हसलो. खरंच आहे.

२४ फेब्रुवारी २०२४, शनिवार

तिथीने वर्ष झालं. मी एकट्याने जमेल तेवढं केलं. इरा जेवायला खाली आली. खीर खाल्ली. म्हणाली, "आईची जास्त पातळ असायची." मराठीत म्हणाली.

२ एप्रिल, मंगळवार

रामदीनचं पत्र मरैकाकडे आलं. तिने वाचून दाखवलं. सगळं खरं लिहिलंय. पिंजरा कलंडला, ह्याने धरला, मी सावरला. मग मरैकाने विचारलेला प्रश्न, ह्याला लागलं असं वाटलं का? त्या वेळी हा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, हात कसा आहे. हा म्हणाला, ठीक.

मरैकाने कागद खाली ठेवला. चांगला माणूस आहे, म्हणाली. हो म्हटलं. खोटं लिहील कशाला.

तो परवा सुरिनामला, पारामारिबोला जातोय, सहा महिन्यांसाठी. फोन केला. म्हणाला, "मास्टर, काम हुआ ना?" झालं म्हटलं.

१७ जून, सोमवार

मालकाच्या विमावाल्यांचं उत्तर. सहा पानं. मला पुरतं कळत नाही, म्हणून अशी पत्रं इराच वाचते. ती सोफ्यावर पाय वर घेऊन वाचत होती, एकेक वाक्य डचमधून इंग्लिशमध्ये करत. त्यांच्या डॉक्टरने मला पाहिलेलं नाही, कागद पाहिलेत. फाटलेला स्नायूबंध या वयात झिजेनेही होतो. दुखणं इतकं टिकून आहे त्याला शोक हे कारण संभवतं. आधार म्हणून हाउसआर्ट्सची नोंद दिलीय. ६ एप्रिल: रुग्णाच्या सांगण्यानुसार पत्नीच्या निधनापासून खांदेदुखी.

इरा थांबली. ते वाक्य तिने परत वाचलं, मनात. मग विचारलं, "बाबा, व्हाय वुड यू से दॅट?"

आपण असंच मोजतो. माझी आई सगळं 'हे गेले त्या साली'वरून मोजायची. वीज कधी आली, ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी. म्हैस कधी विकली, ते गेले त्या दिवाळीत. ते गेल्यामुळे वीज आली असं तिला म्हणायचं नसे. इराला एवढं सांगितलं. ती ऐकून घेते, ते चांगलं आहे. म्हणाली, "पण त्यांना तसं नाही कळणार."

नाहीच कळणार. माझ्या तोंडचं वाक्य आहे. खाली तारीख आहे.

२४ जून

हाउसआर्ट्सना विचारलं, नोंद बदलता येईल का. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत ते मी लिहिलं, आता त्याखाली तुमचं म्हणणं जोडू शकते. जोडलं. मरैका म्हणते, सव्वा वर्षाने जोडलेल्या ओळीला वजन नाही. डॉक्टरबाई दारापर्यंत आल्या. माझ्यामुळे झालं का, असं विचारलं. नाही म्हटलं.

९ सप्टेंबर, सोमवार

मरैकाला त्या दिवसाचा कागद हवाय. काहीही चालेल, तारीख असलेलं. मेसेज, फोटो, तिकीट. मी कोणाला मेसेज करत नाही. अ.च्या फाइलमध्ये शोधताना क्रेमॅटोरियमची पावती सापडली. १४ मार्च, दुपारी साडेतीन. खाली ती डाव्या हाताची सही. शेजारी लग्नाच्या दाखल्यावरची माझी नेहमीची सही ठेवून पाहिली. कोणालाही फरक कळेल.

मरैका खुर्चीतून उठलीच. सकाळी अपघात, दुपारी उजवा हात चालत नाही, आणि हे तिसऱ्याच संस्थेच्या कागदावर. वर्षभरात पहिल्यांदा तिला मी उपयोगी वाटलो असेन.

येताना चालत आलो, पाऊण तास. इराला सांगितलं. तिने पिझ्झा मागवला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

विमावाल्यांचं उत्तर, पावतीवर. इराने सरळ मराठीतच सांगितलं, जमेल तसं. बाबा, ते म्हणतात की त्याच दिवशी तू आईला आणलंस. म्हणजे तो दिवस इमोशनली खूप हेवी होता. म्हणून सही हलली. आणि कलश तू स्वतः उचलून नेलास, म्हणजे हात चालत होता.

कोणता हात ते पावतीवर लिहिलेलं नाही.

म्हणजे सकाळी आठ थरांचा पिंजरा धरला त्याने काही झालं नाही. दुपारी दोन-अडीच किलोंचा कलश उचलला, त्याने झालं. अ.मुळे झालं. सगळीकडून तिच्यावरच येतं. तिने कोणाला कधी त्रास दिला नाही. शेवटच्या आठवड्यातसुद्धा नर्सला म्हणायची, आधी दुसऱ्या पेशंटचं बघा.

मरैका म्हणाली, त्यांचा वकील हुशार आहे.

२४ एप्रिल २०२५, गुरुवार

दोन वर्षं संपत आली. सरकारी बेनिफिटच्या ऑफिसात तपासणी. डॉक्टर सभ्य. हात वर करा. इतकाच? इतकाच. मागे न्या. दुखतं? हो. नंतर दुसऱ्या खोलीत एक बाई, मला कोणती कामं जमतील ते बघणाऱ्या. कॉम्प्युटरने तीन निवडली. पार्किंगमध्ये देखरेख. टेबलावर बसून इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची जुळणी. टेलिफोनवर ग्राहकांशी बोलणं.

अशी कामं कुठे रिकामी आहेत का, हे त्यांना बघायचं नसतं. मला करता येतील का, एवढंच.

इरा खूप हसली. "बाबा इन अ कॉल सेंटर." मग फोन कानाला लावून माझा आवाज काढला: हं. हं. ठीक. बरं, ठेवतो.

२७ मे, मंगळवार

निकाल. ही तीन कामं करून मी जवळजवळ पूर्वीइतकंच मिळवू शकतो. म्हणून बेनिफिट नाही. हरकत घ्यायला सहा आठवडे. मरैका घेईल, पण फार धरून बसू नका म्हणाली. विमावाल्यांकडूनच काय ते.

१६ जून, सोमवार

नोकरी अधिकृत संपली. लॉकर रिकामा करायला गेलो. एक जाकीट, सेफ्टी बूट, अ.ने दिलेला स्टीलचा डबा. डबा मी हरवला असं समजत होतो.

जाताना उतारावरून गेलो. लोखंडी पट्टी काढून तिथे रबराची बसवलीय, वर पिवळा रंग. कधी बदलली? नवीन मुलगा होता, म्हणाला, मी आलो तेव्हापासून अशीच आहे. हात टेकवून पाहिली. चाक अडकणार नाही.

मरैकाला फोन केला. ती म्हणाली, आज पट्टी चांगली आहे याने तेव्हा तुम्हाला लागलं हे सिद्ध होत नाही.

शिफ्ट लीडरने केकचा तुकडा दिला. कोणाचा तरी वाढदिवस होता.

३ जुलै, गुरुवार

विमावाले मिटवायला तयार आहेत. सद्भावना म्हणून काही रक्कम. सहा-सात महिने घर चालेल. त्याबदल्यात सही करायची की यापुढे कसलाही दावा नाही. आणि वरती एक वाक्य आहे: वैद्यकीय कागदपत्रांनुसार तक्रारींचा संबंध पत्नीच्या निधनाशी आहे. मरैकाने ते काढायला सांगून पाहिलं. ते म्हणाले, हे वाक्य आहे म्हणून तर रक्कम आहे.

मी म्हटलं, त्या दिवशी मी लिहिलं होतं.

काय लिहिलं होतं?

रोलकंटेनर. चाक. खांदा. रामदीन. सगळं लिहिलंय, त्याच दिवशी. मी रोजनिशी लिहितो.

दोन वर्षं मी विचारतेय, म्हणाली. खरं आहे. ती कागद विचारत होती. हे मी कागदात धरलं नव्हतं. हे कोणाला दाखवायचं असतं असं कधी मनात आलं नाही.

तिने सांगितलं: मूळ वही लागेल. शपथ घेतलेला अनुवादक पूर्ण पान डचमध्ये करेल. ओळी झाकता येणार नाहीत, झाकल्या की ते विचारणार खाली काय आहे. मागची-पुढची पानंही मागतील, वही खरी आहे हे बघायला. पण हे पान असेल तर ती कोर्टात जाईल. जिंकू असं म्हणत नाही, पण जाईल.

बघतो म्हटलं.

४ जुलै

पहिली वही काढली. अ.च्या कंपनीच्या कुठल्याशा कॉन्फरन्समधली, जाड पुठ्ठ्याची. पान वाचलं. खांद्याच्या पाच ओळी. त्याच पानावर खाली ते वाक्य.

विमावाल्यांनी वाचलं तर वाचलं. त्यांना उलट आवडेल. पण सगळी पत्रं इरा वाचते. हेही येईल, डचमध्ये, छापील. आई गेली आणि बाबाला वाटलं सुटलो. ती नव्हे, मी. डचमध्ये ते कसं दिसेल मला माहीत नाही. मराठीतसुद्धा एकदाच खरं होतं, बसमध्ये, एक-दोन स्टॉपपुरतं.

तारीख आहे पण.

११ जुलै

इराने विचारलं, ते पान दिलंस का. मरैकाचा ईमेल तिनेच वाचला होता. शोधतोय म्हटलं. तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो असेन. ती म्हणाली, तुझ्या वह्या तर कपाटात नंबर घालून ठेवल्यात.

२० ऑगस्ट, बुधवार

इराला युट्रेख्टला सोडून आलो. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना सरळ शिडीसारखा. सगळी खोकी तिने आणि घरमालकिणीने चढवली. मी हात लावला की, "बाबा, डोन्ट." शेवटी मला उशी दिली न्यायला.

स्टेशनवर कॉफी प्यायलो. तिने परत विचारलं, पान का देत नाहीस. मी म्हटलं, त्यात तुझ्या आईबद्दल आहे. तिने कपातली साखर ढवळली. साखर ती घेत नाही. मग म्हणाली, एवढं मात्र मराठीत:

"तू आईला डाव्या हाताने आणलंस. मला खूप राग आला होता तुझा."

आईनेच शिकवलं होतं तिला. प्रसाद उजव्या हातात घे, देवाला उजव्या हाताने वाहा. आणि बाबाने आईलाच डाव्या हाताने आणलं, किराण्याच्या पिशवीसारखं. म्हणून ती वर निघून गेली होती. म्हणून पोहे खाल्ले नव्हते. दोन वर्षं तिने ते धरून ठेवलं. खांद्याची सगळी पत्रं तिनेच वाचली, पण तो हात आणि हा खांदा तिने एकत्र लावलेच नव्हते. अलीकडे कधीतरी लागले.

मी म्हटलं, उजवा उचलतच नव्हता.

"हो, आता माहितीये," म्हणाली.

तिने तिथेच मरैकाला फोन केला, मी पाहिलं होतं म्हणून सांगायला. दोन-तीन मिनिटं बोलली. ठेवला. घरातल्या माणसाची साक्ष, तीही त्या वेळी पंधरा वर्षांची, अडीच वर्षांनी. घेतील, पण वजन नाही. पान हवं.

"आय कॅन टेक इट, बाबा. काहीही असू दे." असं म्हणाली. चेहरा अगदी अ.चा.

काहीही म्हणजे काय ते तिला माहीत नाही. गाडी आली.

२१ ऑगस्ट

घर. काही नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

मरैका: ३० तारखेपर्यंत कळवा. सही किंवा पान. दोन्ही नसेल तर विमावाले देकार मागे घेतात आणि तिला फाइल बंद करावी लागते. आवाज दमलेला होता. तिने खूप केलं. तिला मिरजेचे पेढे द्यायचे होते. श्रीकांतने पाठवले ते कस्टममध्ये अडकले.

टेलिफोनच्या कामासाठी अर्ज केला होता. नकार आला. माझं डच पुरेसं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

श्रीकांतचा फोन. "दाजी, सही करून टाका. कागदावर काय लिहिलंय ते इथे कोण वाचतंय?" बरोबर आहे त्याचं. अ.सुद्धा हेच म्हणाली असती, कदाचित. किंवा हसली असती. तिला हसू यायचं अशा वेळी.

पण सही केली की ते माझंही म्हणणं होतं. एकदा डॉक्टरबाईंसमोर नकळत बोललो. आता कळून-सवरून, खाली नाव घालून.

२७ सप्टेंबर, शनिवार

ते पान कोऱ्या कागदावर उतरवून काढायला बसलो. खांद्यापर्यंत उतरवलं. पावती, सही, कलश. मग थांबलो. ते वाक्य सोडून द्यायचं तर ही नक्कल झाली, मूळ नव्हे. लिहायचं तर मग वहीच का नको. कागद फाडला.

ब्लेडने पान कापलं तर अनुवादकाला कळेल. इराला त्याआधी.

तिला फोन केला. जेवलीस का, विचारलं. हो म्हणाली. तू? हो. हात? ठीक.

ठेवल्यावर लक्षात आलं, परत तेच म्हटलं.

२८ सप्टेंबर, रविवार

टेबलावर देकाराचा कागद आणि पहिली वही. दोन्ही सकाळपासून तिथेच. परवा ३०. पाऊस, बाहेर गेलो नाही.

अडीच वर्षं रोज स्टूल ओढतो. आज वरच्या कप्प्यातले डबे खाली आणले. डाव्या हाताने, एकेक. पोहे, साबुदाणा, रवा. मेतकुटाची बाटली, वास गेलेला. मागे भाजणीचा डबा, झाकणावर तिच्या अक्षरात 'जानेवारी'. कोणती जानेवारी ते लिहिलेलं नाही. भाजणी खराब झाली होती, टाकली. डबा घासून पालथा घातला.

सगळं ओट्याखालच्या खणात बसलं. हात वर करायला नको.

वरचा कप्पा ओल्या फडक्याने पुसला. मागच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचला नाही. तेवढं राहिलं.